शेऱ्यांतला ‘हा’

लिहिलेल्या मजकुराचा अर्थ शब्दांत असतो कीं शब्दांच्या जागेंत, हा प्रश्न वस्तुतः पंडितांनीं चर्चावयाचा. परंतु गेलीं दोन वर्षें तो आमच्यापुढें पोटापाण्याचा प्रश्न म्हणून येऊन उभा राहिला आहे. आमचा व्यवसाय संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा. त्यांतहि सांप्रत जें काम हातीं आहे तें इतकें आडवळणाचें आहे कीं, घरीं पाहुणे आले व ‘सध्यां काय चाललें आहे?’ असें त्यांनीं सहज विचारलें, तर चहा थंड होईपर्यंत आमचें उत्तर संपत नाहीं. वाचकांच्या हातांत चहा नसेल अशा समजुतीनें तें उत्तर येथें जरा सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

संगणकाकडून काम करून घेण्यासाठीं जो मजकूर लिहावा लागतो त्यास आमच्या धंद्यांत कोड म्हणतात. हा मजकूर दोघे वाचतात, एक यंत्र आणि दुसरा माणूस. यंत्र शब्द व चिन्हें तेवढीं पाहतें. बहुतेक भाषांत दोन शब्दांमध्यें एक जागा सोडली काय आणि दहा सोडल्या काय, ओळ येथें मोडली काय आणि तेथें मोडली काय, त्याला त्याचें सुखदुःख नसतें. माणसाचें तसें नाहीं. एका कचेरींत दहाजण असले म्हणजे दहा तऱ्हांनीं ओळी मोडल्या जातात, आणि ज्यांनीं एकमेकांच्या लग्नांत पंगती वाढल्या आहेत अशा माणसांत, कंस कोठें ठेवावा एवढ्यावरून, अबोला उत्पन्न होतो. यावर तोड म्हणून फॉर्मॅटर नांवाचा प्रोग्राम असतो. तो सर्वांचा कोड आपल्याकडे घेतो आणि एकाच साच्यांत नीटनेटका मांडून परत देतो. अर्थाला धक्का लावावयाचा नाहीं, मांडणी तेवढी बदलावयाची, इतकाच त्याचा अधिकार. व्यापारी हिशेबांसाठीं वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा भाषेकरितां असा फॉर्मॅटर तयार करण्याचें काम आम्हांकडे आहे.

गोष्ट एवढ्यावर संपती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पण कोडांत आणखी एक वस्तु असते. लिहिणारा माणूस मधून मधून, दोन तिरप्या रेघा किंवा तसलेंच एखादें चिन्ह काढून, त्यापुढें माणसांच्या भाषेंत कांहीं लिहून ठेवतो. त्यास सगळे कॉमेंट म्हणतात. आम्ही कचेरींतला जुना शब्द घेऊन शेरा म्हणतों. यंत्र शेरा वाचीत नाहीं. चिन्ह दिसलें कीं तें डोळे मिटतें व ओळ संपली कीं उघडतें. म्हणजे दोन वाचकांपैकीं एकाच्याच उपयोगाचा असा हा मजकूर. आणि फॉर्मॅटर हा स्वतः यंत्रांच्या जातीचा. सगळी अडचण येथून सुरू होते.

आमची कामाची खोली लकडगंजांत आहे. नागपूरच्या पूर्वेकडील ही वस्ती नांवाप्रमाणेंच लांकडाची. वखारी, आरामशिनी, प्लायवुडचीं दुकानें, आणि रस्त्यावर भुशाचा वास. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलें सागवान येथें येतें आणि फळ्या, चौकटी होऊन बाहेर जातें. २०२३ च्या मे महिन्यांत उघडलेल्या नव्या संसदभवनांतील सागवानहि नागपूरहून गेलेलें, ही गोष्ट कानावर घातल्यावांचून येथला वखारवाला पाहुण्याला सोडीत नाहीं. अशा ठिकाणीं हिशेबाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यास लांकूड मोजण्याची रीति कळावीच लागते, आणि ती रीति शाळेंतल्या भूमितीहून निराळी आहे.

गोल ओंडक्याचें घनफळ काढावयाचें तर घेराच्या वर्गाला चार गुणिले पाय, म्हणजे सुमारें १२.५७, या संख्येनें भागावें व लांबीनें गुणावें, असें पुस्तक सांगतें. वखारींत तसें करीत नाहींत. तेथें घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात, म्हणजेच घेराच्या वर्गाला १६ नें भागतात. इंग्लंडांत एडवर्ड हॉपस नांवाच्या मोजणीदारानें १७३६ सालीं या रीतीचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि इंग्रजी अंमलाबरोबर ती आपल्या सागवानाच्या व्यापारांत आली. साठ इंच घेराचा व दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. पुस्तकाच्या रीतीनें तो १९.८९ घनफूट भरतो, वखारीच्या रीतीनें १५.६३. या सव्वाचार घनफुटांच्या फरकांत कोणाची लबाडी नाहीं. साल, कडेचे तुकडे आणि भुसा यांत जें जाणार त्याची ती आधींच दिलेली सूट आहे असें दोन्ही पक्ष धरून चालतात, आणि भावहि त्याच मापावर ठरतो.

आतां एका वखारीच्या बिलाच्या प्रोग्रामांत ही सारी रीति एकाच लांबलचक वाक्यांत लिहिलेली होती. ज्यानें ती लिहिली त्यानें १६ या आंकड्यापुढें ओळ मोडली व तेथेंच शेरा लिहिला: ‘हा आंकडा बदलूं नये, व्यापारी माप आहे.’ इंचांचे फूट करण्यासाठीं १४४ नें भागणें आणि त्यापुढें दर, हें खालच्या ओळीवर होतें. पुढें कोणी तरी तो कोड कुठल्याशा फॉर्मॅटरमधून काढला. त्या फॉर्मॅटरला मोडलेल्या ओळी जोडून एक करावयाच्या होत्या. परंतु शेरा ओळ संपेपर्यंत चालतो. तो मध्येंच ठेवून पुढचा मजकूर त्याच ओळीला जोडला असता तर तोहि शेऱ्यांत गडप झाला असता. तेव्हां त्यानें शेरा उचलून वाक्याच्या अगदीं शेवटीं नेऊन ठेवला. यंत्राच्या दृष्टीनें कांहींच बदललें नाहीं. बिलें पूर्वीसारखींच निघत राहिलीं. पण शेरा आतां दराच्या शेजारीं उभा होता. ‘हा आंकडा बदलूं नये.’ कोणता आंकडा? वाचणाऱ्यानें दर समजला. आणि १६ हा आंकडा निराधार झाला. कांहीं महिन्यांनीं तेथें एक हुशार मुलगा नव्यानें कामाला लागला. गोल ओंडक्याचें सूत्र त्याला पाठ होतें. १६ हें उघड उघड चुकलें आहे असें पाहून त्यानें तेथें १२.५७ घातले, आणि दराला मात्र शेऱ्याच्या धाकानें हात लावला नाहीं. दुसऱ्या दिवशींच्या बिलांत लांकूड एकदम सव्वापट झालें. इतवारींतल्या एका गिऱ्हाइकानें खिशांतली मापाची पुस्तिका काढून तें तेथल्या तेथें पकडलें म्हणून बरें. तरी दोन जुन्या घरोब्यांत जें वितुष्ट आलें तें आलेंच.

आम्हांस या प्रकरणांत सर्वांत बोलका वाटला तो शेऱ्यांतला ‘हा’ हा शब्द. कोडाचा अर्थ मांडणीवर अवलंबून नाहीं, एवढ्याच आधारावर फॉर्मॅटरला मांडणी बदलण्याची मुभा मिळालेली असते. शेऱ्याचा अर्थ मात्र निम्मा त्याच्या जागेंत असतो. ‘हा’, ‘येथें’, ‘वरील’, ‘पुढचे दोन’, ‘हें तात्पुरतें’, अशा शब्दांनीं शेरे भरलेले असतात. शेरा म्हणजे दाखविलेलें बोट. त्या बोटाची नक्कल हुबेहूब उतरवून घेतली आणि हात दोन वितींनीं बाजूला सरकविला, तर एकहि अक्षर न बदलतां तें भलत्याच वस्तूकडे दाखवूं लागतें. आणि ज्यानें बोट दाखविलें तो माणूस तर बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

हा त्रास कांहीं आमच्याच नशिबीं आलेला नाहीं. कोड नीट मांडणाऱ्या प्रोग्रामांचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७० सालीं अमेरिकेंत केनेथ कॉन्रो व रॉनल्ड स्मिथ या दोघांनीं पीएल-वन या भाषेसाठीं असा एक प्रोग्राम प्रसिद्ध केला व त्याचें नांव ‘नीटर-२’ ठेवलें. हें नांव मराठी माणसानें ठेवलेलें नाहीं याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. १९८० सालीं डेरेक ओपेन यांनीं ओळ कोठें मोडावी हें झटपट ठरविण्याची एक रीति मांडली, आणि पुढच्या पुष्कळांनीं तिचाच आधार घेतला. ओळी मोडण्याचें असें शास्त्र झालें. शेऱ्यांच्या मात्र नुसत्या युक्त्याच राहिल्या.

याचें कारण समजण्यास सोपें आहे. फॉर्मॅटर मजकूर जसाच्या तसा चाळीत नाहीं. शाळेंत आपण वाक्यपृथक्करण करीत होतों त्याप्रमाणें तो प्रत्येक वाक्याचे भाग वेगळे करतो व त्यांचें एक झाड तयार करतो. खोड म्हणजे सगळें वाक्य, फांद्या म्हणजे त्याचे भाग, पानें म्हणजे एकेक शब्द. मग मूळ कागद बाजूला ठेवून त्या झाडावरून सगळा मजकूर पुन्हां नव्यानें लिहून काढतो. आतां शेरा हा व्याकरणांत कशाचाच अवयव नाहीं. तो कर्ता नव्हे, कर्म नव्हे, क्रियापदहि नव्हे. तो वाटेल त्या दोन शब्दांच्या मधोमध येऊन बसूं शकतो. झाडावर त्याला फांदीच नाहीं. म्हणून साधा पार्सर, म्हणजे हें पृथक्करण करणारा भाग, शेरे वाटेंतच टाकून देतो. कोड चालविण्यापुरतें तें ठीक आहे. पण फॉर्मॅटरनें तसें केलें तर घर झाडतांना देव्हाराच केरांत गेला म्हणावयाचा.

मोठमोठ्या कारागिरांनीं यावर निरनिराळ्या तोडी काढल्या आहेत. गूगलमध्यें तयार होऊन २००९ सालीं जगापुढें आलेल्या गो या भाषेबरोबर गोफमट नांवाचा फॉर्मॅटर आला, आणि त्यानें मांडणीचे वाद त्या भाषेपुरते जवळजवळ संपविले. गोच्या व्यवस्थेंत शेरे झाडावर पक्के बांधीत नाहींत. त्यांची एक स्वतंत्र यादी असते, आणि मूळ कागदावर कोणता शेरा कोठें होता तेवढें त्या यादींत लिहिलेलें असतें. नुसती मांडणी करावयाची तोंवर हें उत्तम चालतें. पण एखाद्या प्रोग्रामानें झाडाची फांदी तोडून दुसरीकडे लावली, तर शेरे जुन्या जागेलाच धरून बसतात. बिऱ्हाड हललें आणि पाटी जुन्याच दारावर राहिली, असा प्रकार होतो. गोच्या कर्त्यांपैकीं रॉबर्ट ग्रीसेमर यांनींच २०१७ सालीं त्या झाडावर काम करतांना येणारी ही सर्वांत मोठी अडचण म्हणून नोंदविली आहे.

मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालीं खुल्या केलेल्या, सी-शार्प भाषेच्या रोझलिन या कंपायलरांत निराळा बंदोबस्त आहे. जागा, ओळमोड, शेरा, जें जें म्हणून व्याकरणाबाहेरचें, तें तें शेजारच्या शब्दाच्या खिशांत ठेवावयाचें. शब्दामागून त्याच ओळीवर जें असेल तें त्या शब्दाचें, आणि पुढल्या ओळीपासूनचें पुढल्या शब्दाचें. यांत कांहीं हरवत नाहीं, आणि आम्हांस ही व्यवस्था मनापासून पसंत आहे. फक्त या साऱ्या ऐवजाला त्यांनीं ‘ट्रिव्हिया’, म्हणजे क्षुल्लक गोष्टी, असें नांव दिलें आहे. त्या १६ च्या प्रकरणानंतर हें नांव आमच्या घशाखालीं उतरत नाहीं. जेम्स लाँग यांनीं २०१७ च्या जानेवारींत बाहेर काढलेला प्रेटियर हा फॉर्मॅटर प्रत्येक शेऱ्याच्या भोंवतालीं नजर टाकतो. त्याला वेढणारी फांदी कोणती, मागची कोणती, पुढची कोणती, हें पाहून तो शेऱ्याला कोणाच्या तरी आधीं किंवा कोणाच्या तरी मागें बसवितो. आणि शेजारीं कोणीच नसेल तर लोंबकळता ठेवतो.

वाचकांस वाटेल कीं, शेजार पाहून नातें ठरवावयाचें, यांत अवघड तें काय? पण शेजार हा साक्षीदार नेहमींच खरें बोलत नाहीं. ओळीच्या शेवटचा शेरा त्या ओळीचा, आणि एकट्या ओळीवरचा शेरा खालच्या वाक्याचा, हा ढोबळ नियम बहुधा लागू पडतो. मग एखादे दिवशीं अशी यादी समोर येते कीं, तिच्या एकेका ओळीवर लांकडाची एकेक जात आहे, शेवटची जात साग आहे, आणि त्याखालीं, कंस मिटण्यापूर्वीं, एकटाच शेरा आहे: ‘बंद केलें, परवाना नाहीं.’ खालीं तर वाक्यच नाहीं. वरच्या ओळीला चिकटविला तर लकडगंजांत सागाची विक्री बंद! वास्तविक तेथें पूर्वीं शिसवी होती; ती ओळ कोणी काढून टाकली आणि शेरा तेवढा मागें ठेवला. म्हणजे हा शेरा यादींत नसलेल्या वस्तूबद्दल आहे. नसलेल्या वस्तूला झाडावर फांदी कोठली? तसेंच रिकाम्या कंसांत ‘येथें मुद्दाम कांहीं लिहिलें नाहीं’ असें लिहिलेलें असतें. कंस रिकामा पाहून मिटून टाकणारा फॉर्मॅटर तें मौनच पुसून टाकतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मिस्त्री दारांच्या चौकटी करतात. त्यांना आम्हीं एकदां विचारलें कीं, ओंडक्याच्या तोंडावर जंगल खात्याचा ठोकलेला शिक्का असतो. मग ओंडका चिरून फळ्या झाल्या म्हणजे तो शिक्का कोणत्या फळीचा? त्यांनीं रंधा न थांबवितां उत्तर दिलें, “फळीचा कायचा, भाऊ? तो ओंडक्याचा होता. ओंडका गेला का कागद तेवढा राहते.” कागद म्हणजे ओंडक्याबरोबर आलेला वाहतूक पास आणि वखारीच्या वहींतली नोंद. आम्हीं आमच्या फॉर्मॅटरांत पुढें जी व्यवस्था केली तिचें बीज या उत्तरांत आहे. मजकूर चिरण्यापूर्वीं प्रत्येक शेऱ्याची वहींत नोंद करावयाची: त्याच्या आधींचा शब्द कोणता, नंतरचा कोणता, तो ओळीवर एकटा होता कीं कोणाच्या मागें उभा होता, वर किंवा खालीं कोरी ओळ सोडलेली होती कीं नाहीं. ही कोरी ओळ फार महत्त्वाची. माणसें शेरा कोणाचा आहे हें सांगण्यासाठीं नकळत तिचा उपयोग करतात. ज्याच्याशीं संबंध नाहीं त्याच्यापासून शेरा एका ओळीनें दूर ठेवतात. म्हणून अनेक कोऱ्या ओळींची एक करावी, पण एकीची शून्य करूं नये, असा नियम आम्हीं घातला आहे.

पुण्यांतील आमच्या एका स्नेह्यांना हा सारा खटाटोप व्यर्थ वाटतो. त्यांचें म्हणणें असें कीं, चांगल्या कोडाला शेऱ्याची गरजच नसते. त्या १६ ला ‘चौथाई घेराचा भाजक’ असें नांव दिलें असतें तर शेरा कोठेंहि गेला असता तरी कोणी फसलें नसतें. यांत तथ्य आहे हें आम्हांस मान्य आहे. नांव शब्दाबरोबर चालतें, त्याला जागेची भीति नाहीं. पण वस्तु काय आहे एवढेंच नांव सांगतें. ती तशी कां आहे, दुसरी कां नाहीं, कोणी बजावून ठेवली आहे, आणि केव्हां काढून टाकावी, हें नांवांत कोंबूं लागलों तर प्रत्येक नांवाचा लेख होईल. डोनल्ड क्नूथ यांनीं १९८४ सालीं या वादांत अगदीं उलटें टोक धरलें होतें. माणसासाठीं लिहिलेलें गद्य हाच मुख्य ग्रंथ समजावा, कोड त्यांत तुकड्या-तुकड्यांनीं पेरावा, आणि यंत्रानें आपल्यापुरतें वेचून घ्यावें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. तो मार्ग फारसा रूढ झाला नाहीं. लोकांना लेख लिहिण्याचा कंटाळा येतो. एक ओळ शेरा मात्र रात्रीं अकरा वाजतां दमलेला माणूसहि लिहितो, आणि बहुधा तोच खरा असतो.

शेऱ्याचें आणि मजकुराचें हें नातें मराठी माणसानें संगणकापूर्वीं पुष्कळ पाहिलेलें आहे. पोथ्यांच्या काळीं वाचकानें समासांत लिहिलेली टीप पुढचा नकलकार मूळ मजकूर समजून आंत ओढून घेई, किंवा अडगळ समजून गाळून टाकी. एकनाथांनीं शके १५०६, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच मिसळलेल्या पाठांना कंटाळून. याच्या उलट महानुभावांचें लीळाचरित्र पाहावें. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून तें सिद्ध केलें. सांगणाऱ्यांच्या स्मरणांत जेथें फरक पडला तेथें परंपरेनें तो लपविला नाहीं. ‘वासना’, ‘शोध’ अशा नांवांनीं तो त्या त्या ठिकाणींच नोंदून ठेवला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु राहिलेले वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचतांना मूळ प्रसंग कोणता आणि त्यावरचा निराळा पाठ कोणता, हें डोळ्यांस वेगळें दिसतें, व तो पाठ कोणत्या प्रसंगाचा याविषयीं संशय राहत नाहीं. शेऱ्याला शेरा म्हणून नांव द्यावें आणि तो ज्याचा असेल त्याच्याजवळून हलवूं नये, या दोन्ही गोष्टी त्या नकलकारांनीं पाळल्या. आमच्या धंद्यांतील पुष्कळ प्रोग्रामांना ही शिस्त अजून साधलेली नाहीं.

आणखी एक भानगड सांगितली पाहिजे. कांहीं शेरे हे वरून शेरे आणि आंतून हुकूम असतात. गो भाषेंत, हा कोड कोणत्या यंत्रासाठीं बांधावयाचा यासारखे हुकूम शेऱ्याच्याच वेषांत लिहितात, आणि ते दोन तिरप्या रेघांना लागूनच लिहावे लागतात. मध्यें एक जागा सोडली तर हुकूम नाहींसा होऊन नुसता शेरा उरतो. आतां रेघांपुढें एक जागा सोडणें हें सुंदर अक्षराचें पहिलें लक्षण! एखाद्या टापटिपीच्या फॉर्मॅटरनें सर्व शेऱ्यांत ती सोडली, तर तो नकळत सरकारी हुकुमावर बोळा फिरवितो. कित्येक जण तर बंद केलेला कोडच शेऱ्यांत झांकून ठेवतात, उद्यां लागेल म्हणून. असल्या शेऱ्याच्या आंतली मांडणी जशीच्या तशी राहिली तरच तो उद्यां उघडून वापरतां येतो.

आमच्या भाषेंतले शेरे बहुधा मराठींत किंवा हिंदींत असतात, आणि त्यांतून एक स्वदेशी अडचण निघाली. कोडाची ओळ ८० अक्षरांहून लांब नसावी असा एक जुना दंडक आहे. आयबीएमच्या १९२८ सालच्या भोंकें पाडावयाच्या कार्डावर ८० रकाने होते, त्या कार्डाची ही शेवटची आठवण. ओळ लांबली तर फॉर्मॅटरनें ती मोडावी. पण अक्षर म्हणजे काय? ‘क्षि’ हें आपण एक अक्षर म्हणतों. संगणक तेंच क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशीं चार चिन्हें करून ठेवतो, आणि रूढ साठवणींत त्याचे १२ बाइट होतात. जो फॉर्मॅटर बाइट मोजतो त्याला मराठींतला तीस अक्षरांचा शेराहि राक्षसासारखा लांब दिसतो. तो त्याला मध्येंच तोडतो, आणि दुर्दैवानें तोडण्याची जागा अक्षराच्या पोटांत पडली तर वेलांटी एका ओळीवर व व्यंजन दुसऱ्या ओळीवर जातें. इंग्रजी शेऱ्यांवर तपासलेल्या प्रोग्रामांना हें दुखणें ठाऊकच नसतें. आम्हीं यावर फार विचार करून शेवटीं सोपा मार्ग पत्करला. शेऱ्याच्या आंत आम्ही हातच घालीत नाहीं. तो लांब असेल तर लांब. त्यांत कोणी जागा सोडून सोडून दरांचें कोष्टक काढलें असेल तर तें कोष्टक तसेंच. सुरुवातीचा समास तेवढा सर्व ओळींचा सारखा सरकवितों.

कामाची तपासणी तीन प्रकारांनीं होते. मांडणी झालेला मजकूर पुन्हां फॉर्मॅटरमध्यें घातला तर तो तसाच बाहेर आला पाहिजे. दर खेपेस एकेक जागा सरकणारा शेरा या कसोटीला लगेच सांपडतो. दुसरें, शेरे वगळून आधींचे व नंतरचे सर्व शब्द त्याच क्रमानें जुळले पाहिजेत. तिसरी कसोटी शेऱ्यांची: वहींतल्या प्रत्येक नोंदीप्रमाणें शेरा हजर आहे, त्याचा मजकूर तोच आहे, आणि ज्या शब्दाला धरून तो होता त्याच शब्दाला धरून आहे. यांपैकीं एकहि कसोटी चुकली तर फॉर्मॅटर तें वाक्य मूळ कागदावरून जसेंच्या तसें उतरवितो व ओळीचा क्रमांक कळवितो. रस्ट भाषेचा फॉर्मॅटरहि शेरा अवघड जागीं सांपडला कीं पुष्कळदां तो भाग तसाच सोडून देतो, यावरून त्याच्यावर टीका होते. आमचा कौल त्याच्या बाजूनें आहे. वांकडी ओळ डोळ्याला खुपते आणि कोणी तरी ती पाहतो. सरळ ओळींत चुकीच्या जागीं बसलेला शेरा कोणालाच खुपत नाहीं.

सध्यां आमच्याजवळच्या जुन्या कोडांत असे हात न लावलेले तुकडे मोजके उरले आहेत. त्यांतला एक एका वखारीच्या सवलतीच्या हिशेबांत आहे. माल ५० घनफुटांवर गेला तर एक सवलत, नाहीं तर दुसरी. आणि ‘जर’चा भाग संपून ‘नाहीं तर’ सुरू होण्याच्या मधोमध, वरखालीं कोरी ओळ न सोडतां, एक शेरा आहे: ‘हें दादांना विचारणें.’ ‘हें’ म्हणजे वरची सवलत कीं खालची, तें आमच्या कोणत्याहि नियमानें ठरेना. लिहिणारा गृहस्थ गांव सोडून गेलेला. म्हणून आम्ही तो कागद घेऊन वखारीच्या मालकांकडे गेलों. दादा म्हणजे त्यांचे वडील चुलते. त्यांना जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. मालकांनीं चष्मा लावून त्या सात ओळी वाचल्या, पुन्हां वाचल्या, आणि म्हणाले, “वरचंबी दादाच ठरवत अन् खालचंबी दादाच ठरवत. आतां मी ठरवतो. पण हे लिहिलेलं राहूं द्या.” त्या सात ओळी आमचा फॉर्मॅटर अजून जशाच्या तशा सोडतो, आणि दर खेपेस त्यांचा क्रमांक कळवितो.